शाळा सुरक्षेची प्रश्नावली, कोडिंगशिवाय: कोकणातल्या शाळांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या दहा-पंधरा शाळांच्या गटातल्या, शाळांसाठी सुरक्षेची प्रश्नावली बनवायला घेतली तेव्हा आम्ही तिघे शिक्षक होतो. तिघांपैकी एकालाही प्रोग्रामिंग येत नव्हतं, अजूनही येत नाही. पहिल्या वर्षी फॉर्म फसला, दुसऱ्या वर्षी बरा झाला. मग शेजारच्या केंद्रांतून फोन यायला लागले. केंद्राच्या बैठकीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीतही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत.

सरकारी नमुने आहेतच की. मग वेगळी प्रश्नावली कशाला?

आहेत, आणि ते बाजूला ठेवायचे नाहीत. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या इमारती आणि अग्निसुरक्षा यांबद्दल आदेश दिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शाळा सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी स्पष्ट करणाऱ्या सूचना काढल्या. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीमध्येही सुरक्षेबद्दल थोडं विचारतात.

पण हे सगळं अख्ख्या देशासाठी लिहिलेलं. पाखाडीवरचं (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरचं) शेवाळ, पावसाने भरलेली बंद चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण), उधाणाच्या दिवशी पाण्याखाली जाणारी खाजणातली (खाडीकाठच्या दलदलीतली) वाट हे प्रश्न दिल्लीत बसून कोण लिहिणार? ते आपणच लिहायचे. वरचे नमुने पाया म्हणून घ्या आणि त्यावर आपल्या वाडीचे प्रश्न चढवा.

कोडिंग अजिबात येत नाही. खरंच जमेल?

ज्याला व्हॉट्सॲपवर गट चालवता येतो, त्याला हे येतं. 'नो-कोड' म्हणजे एवढंच, की चौकटीत प्रश्न लिहायचा, उत्तराचा प्रकार यादीतून निवडायचा आणि दुवा पाठवायचा. फॉर्म बनवायला आम्हाला एक दुपार लागली. प्रश्न ठरवायला मात्र दीड महिना गेला.

गूगल फॉर्म्स घ्यावं, की दुसरं काही?

यावर आमच्यात बरीच भांडणं झाली आहेत. माझं मत सांगतो.

गूगल फॉर्म्स सगळ्यांना ओळखीचं आहे, फुकट आहे, उत्तरं थेट गूगल शीटच्या तक्त्यात उतरतात. शाळेत नीट रेंज असेल आणि फोटो नको असतील, तर दुसरीकडे जाऊच नका. पण त्याच्या तीन अडचणी आधी माहीत हव्यात. पहिली, ते इंटरनेटशिवाय चालत नाही. दुसरी, ठिकाणाचे जीपीएस निर्देशांक आपोआप घ्यायची त्यात सोय नाही. तिसरी, फोटो अपलोड करायचा तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि ते सगळे फोटो फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हची जागा खातात. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या फोनवर लॉगिनचा पासवर्ड कोणाला आठवतो? त्यांच्या मुलाला, आणि तो मुंबईला.

कोबोटूलबॉक्स हे साधन आपत्तीच्या कामातूनच पुढे आलं. हार्वर्ड विद्यापीठाच्या मानवतावादी उपक्रमात ते वाढलं, आणि त्याच्या मुळाशी ओडीके नावाची खुली प्रणाली आहे. अँड्रॉइडवर 'कोबोकलेक्ट' ॲप टाकलं की फॉर्म फोनमध्ये उतरतो, रेंज नसताना भरता येतो, फोटो आणि जीपीएस दोन्ही घेता येतात. रेंजमध्ये आलं की पाठवून द्यायचा. आयफोनवाल्यांना ॲप नाही, पण त्याचा वेब-फॉर्म एकदा ब्राउझरमध्ये उघडून ठेवला की तोही ऑफलाइन चालतो. फुकट योजनेला मर्यादा आहेत, पण एका केंद्रातल्या दहा-पंधरा शाळांना त्या आड येत नाहीत.

ॲपशीट हा तिसरा पर्याय. गूगलने २०२० मध्ये विकत घेतलेलं हे साधन शीटवरूनच छोटं ॲप तयार करतं. दुरुस्त्यांचा पाठपुरावा करायला ते छान आहे. सुरुवातीलाच त्यात शिरलात तर मात्र रंग आणि बटणं निवडण्यातच सुट्टी संपेल.

आमच्या केंद्रात निम्म्या शाळांना रेंज शाळेत मिळत नाही, वरच्या काजूच्या बागेत जावं लागतं. म्हणून आम्ही कोबोवर गेलो. ज्यांची शाळा बाजारपेठेत आहे त्यांनी आमची नक्कल करू नये.

सुरुवात कुठून करायची?

कागदावरून. संगणक बंद ठेवा. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहा आणि सगळ्यात लांबच्या वाडीतल्या मुलांबरोबर त्यांच्या घरापर्यंत चालत जा. वाटेत ती कुठे पळतात, कुठे हात धरतात, कुठला कुत्रा आला की थांबतात ते टिपा. दुसऱ्या दिवशी शाळेभोवती फेरी मारा, स्वच्छतागृहामागे आणि स्वयंपाकघराच्या छपराखाली डोकवा. आमचे निम्मे प्रश्न या दोन फेऱ्यांतून निघाले. एक चौथीतली मुलगी सहज म्हणाली, "सर, साकवावर पाणी आलं की आम्ही शेताच्या बांधावरनं येतो." साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. तो बांध आम्हा तिघांपैकी कोणी पाहिलेला नव्हता.

प्रश्न किती असावेत?

फेरी मारत मारत चाळीस मिनिटांत संपतील एवढे. आमचे पहिल्या वर्षी १३२ होते, आता ५८ आहेत. द्विशिक्षकी शाळेत फॉर्म भरायला एक शिक्षक गेला की दुसऱ्याच्या पदरात चार वर्ग येतात, हे मनात धरूनच प्रश्न वाढवावा.

चांगला प्रश्न कसा लिहायचा?

'तुमची शाळा सुरक्षित आहे का?' याचं उत्तर प्रत्येक मुख्याध्यापक 'होय' देतो आणि त्याचं काही चुकत नाही, कारण प्रश्नच मत मागतो. डोळ्याला दिसेल, हाताला लागेल, पट्टीने मोजता येईल असं विचारा.

'अग्निशमन यंत्र आहे का?' असं विचारलं तर कपाटावर धूळ खात पडलेलंही 'आहे' होतं. आम्ही त्याचे चार तुकडे केले. यंत्र कुठे टांगलं आहे? दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? चिठ्ठीवरची पुढच्या भरणीची तारीख कोणती? आज शाळेत हजर असलेल्यांपैकी किती जणांनी ते कधीतरी हातात धरून चालवलं आहे? चौथ्या प्रश्नाला आलेली उत्तरं वाचून आम्ही प्रात्यक्षिकच ठेवलं.

एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका. 'विहिरीला कठडा व जाळी आहे का?' याला कठडा आहे पण जाळी नाही अशी शाळा काय लिहील? आणि 'नियमितपणे', 'पुरेसे', 'योग्य' हे शब्द दिसले की खोडा. टाकी नियमितपणे धुता का, असं विचारू नका. शेवटची कधी धुतली ते विचारा.

उत्तरांत 'होय' आणि 'नाही' यांच्या जोडीला 'पाहता आलं नाही' हा पर्याय हवाच. कुलूप लावलेल्या खोलीबद्दल माणूस अंदाजाने 'होय' ठोकतो. हा पर्याय दिल्यावर आम्हाला कळलं की तीन शाळांत विजेच्या मीटरच्या खोलीची किल्लीच कोणाकडे नाही.

कोकणातल्या शाळेला खास कोणते प्रश्न लागतात?

इथे हात आखडू नका. बाकीचं कुठल्याही नमुन्यात मिळेल, हे मिळणार नाही.

वाट आणि पाणी: मुलं पऱ्या किंवा व्हाळ (ओढा) कुठून ओलांडतात? साकवाला दोन्ही बाजूंना कठडा आहे का? पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढलं की शाळा सोडायची? ती खूण आम्ही साकवाच्या खांबावर लाल रंगाने ओढायला लावली आणि फॉर्ममध्ये तिचा फोटो मागितला. खाडीकाठच्या शाळांना वेगळा प्रश्न: अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला वाट पाण्याखाली जाते का? होडीतून येणाऱ्या मुलांना जीवरक्षक जाकीट मिळतं का? २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा वरून पाऊस आणि खालून भरती या दोन्हींची चर्चा झाली होती. नदीमुखाजवळच्या शाळेने भरतीचं कोष्टक भिंतीवर लावावं, आणि ते लावलं आहे का हेही विचारावं.

दरड: त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. डोंगराच्या पोटाशी असलेल्या शाळेने शिक्षकाच्या डोळ्याला दिसतील अशा खुणा विचाराव्यात: वरच्या उतारावर नवी भेग पडली आहे का, झाडं किंवा विजेचे खांब कलले आहेत का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं आहे का, शाळेमागची माती जेसीबीने कापली आहे का. यातली एकही खूण दिसली तर पुढचा निर्णय तज्ज्ञांचा, म्हणून फॉर्म तिथेच थांबून 'तहसील कार्यालयाला आजच कळवा' असं दाखवतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांकही त्याच पानावर ठेवला आहे.

वारा: ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात आणि दापोली-मंडणगडाकडे कितीतरी शाळांची कौलं, पत्रे उडवले. शाळा बंद होत्या म्हणून मुलं वाचली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं. पत्र्यांचे हूक गंजले आहेत का, कौलांखालच्या वाशा-रिपांना वाळवी आहे का, छपरावर फांद्या आलेला आंबा किंवा फणस कोणाच्या मालकीचा आहे? मालकीचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. फांदी तोडायला परवानगी कोणाची, यावर दोन पावसाळे वाया गेलेले पाहिले आहेत.

चिरा: जांभ्याची भिंत सहसा सांगून पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग, फुगलेली भिंत, सांध्यातून झडलेला चुना. भेगेशेजारी नाणं धरून फोटो काढा, म्हणजे पुढच्या वर्षी ती रुंदावली का ते कळतं. कंपाउंडचा गडगा (रचलेल्या दगडांची भिंत) पावसात ढासळतो आणि एरवी सापांना आसरा देतो, तेव्हा तो दोन विभागांत विचारला तरी चालेल.

चिरेखाण: शाळेपासून मुलांच्या पायी टप्प्यात बंद खाण आहे का? पावसाळ्यात तिचं तळं होतं, कडा सरळ उभ्या असतात, आत पडलेल्याला बाहेर यायला पायरी नसते. कुंपण आहे का, एवढंच विचारू नका. मुलं तिथे पोहायला जातात का, हे मुलांनाच विचारा.

कातळसड्यावरच्या (उघड्या खडकाळ पठारावरच्या) शाळांनी आकाशातून पडणाऱ्या विजेबद्दल विचारावं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप निदान एका शिक्षकाच्या फोनवर आहे का, आणि गडगडाट ऐकू आला की मैदानावरचा खेळ कोण थांबवतो? महामार्गाकाठच्या शाळांनी रस्ता ओलांडण्याचा विभाग लांब ठेवावा. चौपदरीकरणानंतर गाड्यांचा वेग वाढला, मुलांचे पाय तेवढेच राहिले.

साप-विंचवाचं काय?

फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत, शिवाय लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला तो याच पट्ट्यात काम करताना. म्हणून 'प्रथमोपचार पेटी आहे का?' एवढ्यावर थांबू नका. सर्पदंशावरची लस ठेवणारं जवळचं आरोग्य केंद्र कोणतं, ती तिथे आहे हे या जूनमध्ये फोन करून विचारलं का, आणि १०८ ची गाडी शाळेच्या दारापर्यंत येते की पाखाडीखाली थांबते, हे विचारा. पाखाडीखाली थांबत असेल तर मुलाला तिथवर उचलून कोण नेणार, त्या दोघांची नावं फॉर्मवर हवीत. चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यांतलं काहीही करायचं नाही ही ओळ आम्ही त्या प्रश्नाखाली सूचना म्हणून टाकली आहे.

स्वयंपाकघर?

हा विभाग शिजवणाऱ्या ताईंना घेऊनच भरायचा. गॅसचा रबरी पाईप दर पाच वर्षांनी बदलावा लागतो, हे फॉर्म भरताना आमच्याकडच्या एका ताईंना पहिल्यांदा कळलं. "बाई, पाईपालापण तारीख असते होय?" तारीख पाईपावरच छापलेली असते. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे पुढे. ती पुढच्या चाचणीची मुदत. ती उलटून गेलेला सिलिंडर परत करायचा. चुलीवर शिजवणाऱ्या शाळांना सरपण कुठे रचता आणि धूर वर्गात जातो का, हे विचारा.

आणखी एक, खास आंब्याच्या मुलखासाठी: फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा किंवा कॅन शाळेत पाण्याला, तेलाला वापरला जातो का? जुलै २०१३ मध्ये बिहारच्या छपरा भागात शाळेच्या जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. आपल्याकडे मोहोर आला की प्रत्येक मांगरात (बागेतल्या खोपटात) असे कॅन असतात, आणि ते दिसायला चांगले मजबूत असतात.

सगळ्यांना सगळे प्रश्न नको आहेत. गाळायचे कसे?

खाडी नसलेल्या शाळेला होडीचं विचारलं की माणूस वैतागतो आणि पुढचेही प्रश्न भराभर उरकतो. गूगल फॉर्म्समध्ये प्रश्नांचे विभाग पाडा. 'मुलं होडीने येतात का?' हा प्रश्न एकच पर्याय निवडण्याच्या प्रकारचा ठेवा, त्याच्या तीन ठिपक्यांत जाऊन उत्तरानुसार विभागाकडे जाण्याचा पर्याय चालू करा, आणि 'होय'ला होडीचा विभाग, 'नाही'ला त्याच्या पुढचा विभाग जोडा. ही सोय एकपर्यायी आणि ड्रॉपडाउन या दोनच प्रकारांत मिळते, आणि उडी विभागावरच मारता येते, एकेका प्रश्नावर नाही. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये प्रश्नावरही मारता येते. कोबोत प्रत्येक प्रश्नाच्या सेटिंगमध्ये 'स्किप लॉजिक' आहे. तिथे 'हा प्रश्न केव्हा दाखवायचा' अशी अट लिहितात, म्हणजे विचार उलटा करावा लागतो. पहिले दोन दिवस गोंधळ होतो, मग तेच सोपं वाटतं.

शाळांची नावं प्रत्येक जण वेगळी लिहितो. एकत्र कशी करायची?

'जि. प. शाळा', 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा', 'मराठी शाळा नं. १' या सगळ्या एकच असतात, आणि संगणकाला तीन वाटतात. नाव लिहून घेऊच नका. ड्रॉपडाउनमधून निवडू द्या आणि जोडीला यूडायस क्रमांक घ्या. तो ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. गूगल फॉर्म्समध्ये त्या प्रश्नाला 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' लावून संख्या २७००००००००० ते २७९९९९९९९९९ यांच्या दरम्यानच हवी अशी अट घाला. म्हणजे एखादा अंक गाळला की फॉर्म पुढे सरकत नाही.

अटी लिहिताना आणि भरताना अंक इंग्रजीच वापरा. मराठी अंक दिसायला आपले वाटतात, पण शीट त्यांची बेरीज करत नाही.

मराठीत टाइप करताना आणखी काय सांभाळायचं?

पर्याय शेवटचे ठरवल्याशिवाय दुवा पाठवू नका. आधी 'हो' ठेवलं आणि मध्येच 'होय' केलं, तर जुनी उत्तरं 'हो'च राहतात आणि मोजणीत दोन रांगा दिसतात. प्रश्न प्रमाण मराठीत लिहा, पण वस्तूचं नाव गावात जे असेल ते. आमच्या फॉर्मवर 'पादचारी पूल' होता. तीन शाळांनी 'नाही' लिहिलं, कारण त्यांच्याकडे साकव होता.

रेंज नसेल तर अडकलेले फॉर्म हरवतात का?

कोबोकलेक्टमध्ये भरलेला फॉर्म पाठवेपर्यंत फोनमध्येच राहतो. ॲप काढून टाकलं किंवा फोन रिसेट केला, तर गेला. शनिवारच्या बैठकीला सगळे केंद्रशाळेत येतातच, तिथे वायफायवर सगळ्यांनी एकदम पाठवायचे. जीपीएसला रेंज लागत नाही, मोकळं आभाळ लागतं. आंब्याखाली उभं राहून 'अचूकता ६० मीटर' दाखवत असेल तर चार पावलं मैदानात या.

शाळांना गुण द्यावेत का? पन्नासपैकी वगैरे?

माझा ठाम विरोध आहे. पहिल्या वर्षी आम्ही दिले होते. एका शाळेला ५० पैकी ४६ मिळाले, टाळ्या झाल्या. गेलेल्या चार गुणांतला एक विहिरीच्या कठड्याचा होता. बेरीज केली की कठडा आणि फलकावरचा रंग एकाच मापाने मोजला जातो.

आता प्रत्येक प्रश्नाच्या 'नाही'ला आधीच रंग ठरवलेला आहे. लाल म्हणजे आजपासून मुलांना तिथे फिरकू द्यायचं नाही. पिवळा म्हणजे शाळा उघडण्याआधी दुरुस्त. बाकीचं वर्षभरात. शीटमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं की रंग आपोआप चढतात.

मुख्याध्यापक खरं लिहितील का?

फॉर्मचं नाव काय ठेवता त्यावर आहे. आमच्या पहिल्या फॉर्मच्या नावात 'तपासणी' हा शब्द होता आणि केंद्रातली एकूण एक शाळा आदर्श निघाली. दुसऱ्या वर्षी 'सुरक्षा फेरी' म्हटलं, आणि शेजारच्या शाळेतला एक शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतली एक पालक-आई आणि त्या शाळेतलं एक माणूस अशा तिघांनी भरायचं ठरवलं. समितीत पालकांचा वाटा शिक्षणहक्क कायद्यानेच मोठा ठेवला आहे, त्यांना सहीपुरतं बोलावू नये. आपल्या घरची गळती आपल्याला दिसायची बंद होते, पाहुण्याच्या डोक्यावर थेंब पडतो.

'हे वर पाठवलं तर आमच्यावरच येईल' ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. कोणत्या रांगा कोणाला दिसणार हे फॉर्मच्या पहिल्या पानावर लिहा आणि तसंच वागा.

मुलांकडून थेट फॉर्म भरून घ्यावा का? छळाच्या तक्रारीही त्यातच घ्याव्यात का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलांना कुठे भीती वाटते हे जरूर विचारा, पण वर्गात, शाळेचा नकाशा फळ्यावर काढून, चिकट ठिपके लावायला देऊन. मोठ्यांच्या फॉर्ममध्ये फक्त ठिपके कुठे पडले एवढंच जाऊ द्या. नाव नको, इयत्ता पुरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटोही याच कारणाने टाळा. भेगेच्या फोटोत मूल कशाला हवं?

लैंगिक छळाची तक्रार मात्र फॉर्मवर घ्यायचीच नाही. पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे असा प्रकार कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शीटमध्ये पंधरा दिवस न उघडलेली ओळ ही फार भयंकर गोष्ट होईल. शिवाय ती ओळ कोण कोण वाचणार? फॉर्मने व्यवस्था आहे की नाही तेवढंच तपासावं: तक्रारपेटी कुठे आहे आणि शेवटची कधी, कोणासमोर उघडली, शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीची शेवटची बैठक कधी झाली, १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलांच्या उंचीवर लिहिलेला आहे का, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक माणसाची पडताळणी झाली आहे का. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघड झाल्यावर शासनाने सीसीटीव्ही आणि चारित्र्य पडताळणीचे आदेश काढले. कॅमेऱ्याबद्दल विचाराल तेव्हा 'बसवला का' याच्यापुढे 'चित्रण कोण आणि किती दिवसांनी पाहतं' हेही विचारा.

उत्तरं आली. पुढे?

इथेच बहुतेकांचा फॉर्म मरतो. शीटमध्ये उत्तरांच्या पुढे तीन रकाने वाढवा: कोण करणार, कधीपर्यंत, झाल्याचा फोटो. 'कोण' या रकान्यात 'प्रशासन' असा शब्द चालणार नाही. शाळा स्वतः, ग्रामपंचायत, पंचायत समितीचा बांधकाम उपविभाग, महावितरण यांपैकी एक निवडायचं. मग फिल्टर लावून ग्रामपंचायतीच्या रांगा वेगळ्या काढा आणि छापून ग्रामसभेत वाचा. शीटचा दुवा पाठवून ग्रामसभा हलत नाही. छापलेल्या कागदावर, फोटोसकट, 'साकवाला एका बाजूने कठडा नाही, रोज ३१ मुलं जातात' असं वाचलं की कोणीतरी उठून बोलतंच.

खर्चाची कामं थोडी निघतात, हेही सांगतो. आमच्या लाल रांगांपैकी बऱ्याचशा किल्ली, कडी, दोरी, फळी आणि एक दिवसाचं श्रमदान एवढ्यात मिटल्या. पाखाडीचं शेवाळ पालकांनी एका रविवारी खरवडून काढलं.

वर्षातून किती वेळा भरायचा?

पूर्ण फॉर्म एप्रिलच्या उत्तरार्धात, म्हणजे मे महिना दुरुस्तीला मिळतो. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी वीस प्रश्नांची छोटी फेरी: दीड महिना बंद खोल्यांत साप, मधमाश्या, फुटलेली कौलं, टाकीतलं पाणी. गणपतीच्या सुट्टीनंतर आणखी एक छोटी. लाल इशाऱ्याच्या पावसानंतर मात्र वेळापत्रक पाहायचं नाही. हवामान खात्याच्या मोजणीत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार, तेवढा पाऊस होऊन गेला की शाळा भरण्याआधी इमारत, वाट आणि मागचा उतार बघायचाच.

दर वर्षी नवा फॉर्म करायचा की जुनाच सुधारायचा?

जुन्याची प्रत करून नवी करा. चालू फॉर्ममधला प्रश्न खोडला तरी शीटमधला रकाना राहतो, नवा प्रश्न शेवटी जाऊन बसतो, आणि तिसऱ्या वर्षी कोणता रकाना कशाचा हे बनवणाऱ्यालाही उमगत नाही.

फॉर्म कोणाच्या खात्यावर ठेवायचा?

कोणाच्याही खासगी खात्यावर नाही. आमचा पहिला फॉर्म आमच्यातल्या एकाच्या जीमेलवर होता. त्याची बदली झाली, नव्या गावी त्याने फोन बदलला, पासवर्ड गेला आणि दोन वर्षांची उत्तरं त्या खात्यात अडकली. तो बिचारा अजून भेटला की पहिल्यांदा तेच सांगतो. आता केंद्राच्या नावाचं खातं आहे, शीटला तीन संपादक आहेत, आणि खात्याचा पासवर्ड बंद पाकिटात केंद्रशाळेच्या कपाटात हजेरीपटांच्या खाली ठेवलेला आहे. त्या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे असते, हा आमच्या फॉर्ममधला ५८ वा प्रश्न.